पॉमेरेनियन घ्यायचंय: घरासाठी आणि शोसाठी एकच पिल्लू चालेल का?

मुक्ता_क
नमस्कार मंडळी. आमच्याकडे पॉमेरेनियन आणायचं नक्की झालंय. घरी आई-बाबा आहेत, दोघंही साठीच्या पुढचे, त्यांना दिवसभराची सोबत हवी आहे. मुलगी १० वर्षांची. तिला डॉग शोचं वेड लागलंय, स्वतः कुत्रा घेऊन रिंगमध्ये उतरायचं म्हणते. म्हणून घरात रमेल आणि शोमध्येही शोभेल असं एकच पिल्लू शोधतोय.

दोन ठिकाणी बोलणं झालं. पहिला ब्रीडर म्हणतो, 'टीकप' पॉम आहे, शो क्वालिटी आहे, सात आठवड्यांचं झालं की घेऊन जा, मोठेपणीही तळहातावर मावेल. फोटो इतके गोड आहेत की घरातले सगळे त्याच पिल्लावर अडून बसलेत. दुसऱ्या ठिकाणच्या बाईंनी मात्र माझीच मुलाखत घेतली. दिवसभर घरी कोण असतं, जिना आहे का, मुलगी पिल्लू कसं उचलते, आधी कुत्रा होता का, तो कशाने गेला. आणि एवढं सगळं विचारून म्हणाल्या, पिल्लू तीन-साडेतीन महिन्यांचं झाल्याशिवाय देणार नाही, आणि 'शो क्वालिटी'ची हमी तर अजिबात देणार नाही!

मला थोडा रागच आला. ब्रीडर इतक्या चौकश्या करतात का? आणि चांगलं पिल्लू ओळखायचं कशावरून? अनुभवी लोकांनी सविस्तर लिहा प्लीज.

गोधडी
त्या बाई स्थळ बघतायत असं समजा. मुलगी चांगल्या घरी पडावी म्हणून आई चौकश्या करतेच की. 😊

झुपकेदार
मुक्ताताई, दुसऱ्या बाईंना घट्ट धरून ठेवा. आमची पॉम अशाच एका ब्रीडरकडून आणली. आजही तिला काही झालं की मी डॉक्टरांच्या आधी त्यांनाच फोन करते. तिच्या आईला काय झालं होतं, मावशीचे दात कसे होते, सगळं त्यांना तोंडपाठ आहे. पिल्लू दिल्यावर ओळख न दाखवणारा ब्रीडर काय कामाचा?

शमा_पशुवैद्य
धागा वाचून राहवलं नाही, म्हणून जरा लांबलचक लिहिते.

आधी 'टीकप'. कुठल्याही केनेल क्लबच्या, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, नोंदीत टीकप पॉम नावाची जात नाही, उपजात नाही. पॉमेरेनियन हाच मुळात छोटा कुत्रा. त्याहून छोटं म्हणून जे विकतात ते तीनपैकी एक असतं: वयापेक्षा लवकर आईपासून तोडलेलं पिल्लू, वेतातलं सगळ्यात अशक्त पिल्लू, किंवा मुद्दाम लहानातल्या लहान जोड्या लावून काढलेलं पिल्लू. यातलं कुठलंही घरी आणलंत तर काळजी तुमच्या वाट्याला.

काळजी कसली, तेही सांगते. इतक्या लहान जिवाच्या अंगात साठा नसतो. दोन वेळचं खाणं चुकलं, प्रवास झाला, गारठा लागला की रक्तातली साखर उतरते. पिल्लू सुस्तावतं, लटपटतं, झटके येतात. हिरड्यांना ग्लुकोजचं पाणी किंवा मध चोळून लगेच दवाखाना गाठावा लागतो, आणि रात्री-अपरात्री हे घडलं तर वेळ हातात राहत नाही. म्हणून लहान जातींची पिल्लं बारा आठवड्यांच्या आत न देणं हा ब्रीडरचा हट्ट नाही, शहाणपणा आहे. त्या आठवड्यांत पिल्लू भावंडांकडून चावायचं किती ते शिकतं, आईकडून दटावणी खातं, स्वतःचं स्वतः नीट खायला लागतं.

दुसरं, टाळू. माणसाच्या बाळासारखी पिल्लाचीही टाळू असते. काही पॉम पिल्लांची टाळू भरायला वेळ लागतो, त्यातल्या बऱ्याच जणांचं पुढे काही बिघडत नाही. पण टाळू मोठी असेल, डोकं घुमटासारखं असेल, डोळे बाहेरच्या बाजूला आणि खाली झुकलेले दिसत असतील तर डोक्यात पाणी साठल्याची शंका घ्यावी लागते. पिल्लू बघायला जाल तेव्हा डोक्यावरून हलकेच बोट फिरवा. दाबू नका.

तिसरी, गुडघ्याची वाटी. पॉममध्ये ती जागेवरून सरकणं फार दिसतं. पिल्लू पळताना मध्येच मागचा एक पाय उचलून दोन-तीन उड्या मारतं आणि पुन्हा चार पायांवर येतं. लोकांना ते लाडिक वाटतं. ते लाडिक नाही, वाटी सरकलेली असते. पहिल्या ते चौथ्या श्रेणीपर्यंत हा दोष मोजतात. पिल्लाची वाटी आज ठीक असली तरी पुढे ठीक राहीलच असं नाही. पक्का निकाल वर्षभराचं झाल्यावर. म्हणून पिल्लाच्या वाटीइतकीच त्याच्या आईबापांच्या वाटीची तपासणी महत्त्वाची. तो कागद मागा.

मुक्ता_क
बापरे. डॉक्टर, खूप खूप आभार. पहिल्या ब्रीडरच्या व्हिडिओत एक पिल्लू असंच उडी मारत चालतंय, आम्ही सगळे हसत होतो. आईबापांच्या आणखी कुठल्या तपासण्या मागायच्या?

शमा_पशुवैद्य
तीन तरी मागाच. गुडघ्याची वाटी, हृदय आणि डोळे. अमेरिकेत पॉमसाठी ज्या तपासण्यांची शिफारस आहे त्यातही या तिन्ही येतात. हृदयाचं विशेष सांगते. जन्माआधी उघडी असलेली आणि जन्मल्यावर बंद व्हायला हवी अशी एक रक्तवाहिनी काही पॉम पिल्लांत उघडीच राहते. स्टेथोस्कोप लावला की सतत घरघर ऐकू येते. वेळेत कळलं तर शस्त्रक्रियेने बरं होतं, नाही कळलं तर हृदय थकत जातं. पिल्लू घरी आलं की दोन-तीन दिवसांत तुमच्या डॉक्टरांकडे नेऊन हृदय नीट ऐकून घ्यायला सांगा, आणि दोष निघाला तर पिल्लू परत घेण्याची अट ब्रीडरकडून लेखी घ्या.

अरण्यक
थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका. मुळात जातिवंतच का हवंय? आईबाबांना सोबत हवी असेल तर निवाऱ्यातून मोठा, शांत, स्वभाव ठाऊक असलेला कुत्रा आणा. शोच्या नादापायीच या जातींची वाट लागली. डोकी गोल केली, नाकं आत दाबली, वजनं उतरवली. रिंगमध्ये टाळ्या मिळतात आणि भोगतो कुत्रा.

रिंगच्या_कडेला
अरण्यक, निवाऱ्यातून आणण्याबद्दल सहमत, तो मार्ग खुला असावाच. पण शोबद्दलच्या मताशी मी असहमत आहे, आणि मी बरीच वर्षं या रिंगच्या आत-बाहेर करतोय.

नाक आत दाबलेला, बाहुलीसारख्या चेहऱ्याचा, तळहाताएवढा पॉम ही समाजमाध्यमांवरच्या फोटोंची मागणी आहे. मानकं, म्हणजे जातीचा कुत्रा कसा असावा याचे लेखी निकष, काय म्हणतात ते बघा. अमेरिकन केनेल क्लबच्या मानकात वजन ३ ते ७ पौंड, म्हणजे साधारण १.४ ते ३.२ किलो, आणि शोसाठी आदर्श ४ ते ६ पौंड, म्हणजे १.८ ते २.७ किलो. ब्रिटिश मानकात नर १.८ ते २ किलो, मादी २ ते २.५ किलो. मादी नरापेक्षा मोठी धरलेली आहे, कारण तिला पिल्लं द्यायची असतात! एफसीआय ही केनेल क्लबांची आंतरराष्ट्रीय संघटना याच कुत्र्याला जर्मन स्पिट्झमधला सर्वांत छोटा प्रकार मानते आणि तिथे मोजमाप उंचीचं, १८ ते २४ सेंटीमीटर. गोल घुमट कवटी अमेरिकन मानकात मोठा दोष. न भरलेली टाळू एफसीआयमध्ये थेट बाद. तळहातावरचा कुत्रा यातल्या कुठल्या मानकात बसतो?

परीक्षक कुत्रा टेबलावर ठेवून हाताने तपासतो. केसांखाली बरगड्या कशा, खांदा कसा मागे टेकलाय, गुडघा कसा वळलाय, दात कसे बसलेत. मग चालवून बघतो. लंगडणारा कुत्रा तिथे लपत नाही. काही परीक्षक नको तेवढा मान केसांना देतात, हे मात्र मी नाकारणार नाही, आणि त्याचा मलाही त्रास होतो.

अरण्यक
मानकात लिहिलेलं आणि प्रत्यक्ष जिंकणारं यात फरक असतो, एवढंच माझं म्हणणं. पण टेबलावरच्या तपासणीचं पटलं.

नानाकाका
थोडं अवांतर, पण या चिमुकल्याचा इतिहास ऐकण्यासारखा आहे. बाल्टिक समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरचा पोमेरेनिया हा प्रांत, आता पोलंड आणि जर्मनीत वाटला गेलाय. नाव तिथलं. मूळचा हा गडी आजच्यापेक्षा बराच थोराड. राणी शार्लटने १७६७ मध्ये इंग्लंडात आणवलेले पॉम चांगले मोठे होते, त्या काळच्या चित्रांत दिसतात. मग १८८८ मध्ये राणी व्हिक्टोरियाला इटलीत फ्लॉरेन्सला मार्को नावाचा पॉम मिळाला. तोही १२ पौंडांच्या आसपास, आजच्या शोमधल्या पॉमच्या दुप्पट. पण तेव्हाच्या मानाने लहान! राणीने लहान पॉम पसंत केले, आणि राणीला जे आवडलं ते लोकांना आवडलं. १८९१ च्या पहिल्या क्रफ्ट्समध्ये, म्हणजे इंग्लंडातल्या प्रसिद्ध डॉग शोमध्ये, तिचे पॉम होते. १९०१ मध्ये ती गेली तेव्हा तुरी नावाचा तिचा पॉम अंथरुणाशी होता.

१९१२ ला टायटॅनिक बुडाली, त्यातून तीन कुत्रे वाचले. दोन पॉमेरेनियन आणि एक पेकिनीज. मालकांनी उराशी धरून होडीत नेलेले.

गोधडी
नानाकाका, लहान असण्याचा एवढा एक फायदा मान्य करावाच लागेल.

वाचनमात्र_मिलिंद
आमच्या शेजाऱ्यांकडे 'पॉमेरियन' आहे, पांढराशुभ्र, चांगला आठ-दहा किलोचा. तो मग कोण?

रिंगच्या_कडेला
बहुधा इंडियन स्पिट्झ, किंवा दुसरा एखादा मोठा स्पिट्झ. टोकदार कान, पाठीवर वळलेली शेपूट, दुहेरी कोट (अंगावरच्या केसांचे दोन थर) हे सगळ्याच स्पिट्झ कुळाचं लेणं. स्पिट्झ कुत्रा गुणी असतो, काटक असतो, घरात राहायला उत्तम. फक्त तो पॉमेरेनियन म्हणून शोमध्ये उभा राहणार नाही. एवढ्यासाठी नोंदणीचा कागद आणि तीन पिढ्यांची वंशावळ मागावी, आणि पिल्लाला मायक्रोचिप असेल तर तिचा १५ आकडी क्रमांक कागदावरच्या क्रमांकाशी जुळवून बघावा.

पिंगट
मी पॉम ब्रीडर आहे, फार थोडी वेतं काढते. मुक्ता, तुमच्या त्या दुसऱ्या बाईंच्या बाजूने दोन शब्द.

नोंदणीचा कागद एवढंच सांगतो की आईबाप कोण. पिल्लू चांगलं आहे असं तो सांगत नाही. दोन सुमार कुत्र्यांच्या पिल्लालाही कागद मिळतो. वंशावळीत काय बघायचं? नावामागे चॅम्पियन किती ते नंतर. आधी बघा की एकच नाव किती ठिकाणी येतंय. आजोबा आणि बाप एकच असेल तर थांबा, कारण विचारा. मग विचारा की या कुळात कुणाचा कोट गळाला का.

हे शेवटचं फार कमी लोक विचारतात. पॉममध्ये एक दुखणं आहे, अ‍ॅलोपेशिया एक्स. धडधाकट कुत्र्याच्या मांड्या, शेपूट, मान आणि मग अंगावरचे केस जातात, उघडी कातडी काळी पडते. खाजत नाही, दुखत नाही. नरांमध्ये जास्त दिसतं, आणि बहुतेक वेळा तरुणपणी सुरू होतं. पिल्लाच्या वयात ओळखू येत नाही. उलट, पुढे ज्यांना होतं त्यांतल्या काही पिल्लांचा कोट सगळ्यांत दाट, मऊ, लोकरीसारखा असतो! फोटोत तेच सगळ्यांत गोड दिसतं. म्हणून मी गिऱ्हाइकाला पिल्लू दाखवायच्या आधी त्याचे मोठे नातेवाईक दाखवते. पाच-सहा वर्षांचा मामा अंगभर केस घेऊन समोर उभा असेल तर मन निर्धास्त होतं.

'शो क्वालिटी'ची हमी का देत नाहीत तेही सांगते. पॉमच्या एका वेतात बहुधा एक ते तीन पिल्लं. पुष्कळदा सिझेरियन करावं लागतं. एवढ्या कष्टांनी आलेल्या पिल्लांत एखादं खरंच होनहार निघालं तर ब्रीडर ते स्वतःसाठी ठेवते. सात आठवड्यांच्या पिल्लाला शो क्वालिटी म्हणून विकणाऱ्याला एक तर कळत नाही, किंवा कळून सांगत नाही.

मुक्ता_क
पिंगटताई, सात आठवड्यांना कळत नाही, मग कळतं कधी?

पिंगट
टप्प्याटप्प्याने. आठ आठवड्यांच्या सुमाराला बांधा दिसतो, त्यावरून आशा धरायची. मी पिल्लू टेबलावर उभं करून पाठ सरळ आहे का, मान कशी निघालीय, शेपूट वर बसलीय का आणि पाठीवर सपाट पडते का ते बघते. शेपूट खाली बसली असेल तर पुढे कोट कितीही आला तरी ती झाकली जात नाही. अंग चौकोनी हवं, लांबुडकं नको.

चार ते सहा महिन्यांत पिल्लाचा कोट झडतो. त्या काळात पॉम ओळखू येत नाही. तोंडावर केस नाहीत, पाय काटकुळे, कान मोठे. नवे मालक घाबरून फोन करतात की तुम्ही भलताच कुत्रा दिलात! पूर्ण कोट यायला दोन-तीन वर्षंही लागतात. याच सुमाराला दात बदलतात. दुधाचे २८ पडून ४२ यायचे असतात, आणि पॉमच्या इवल्या जबड्यात दुधाचे सुळे हटून बसतात, काढावे लागतात. चावा कात्रीसारखा हवा, वरचे पुढचे दात खालच्यांवर अलगद टेकलेले. आठ आठवड्यांना नीट असलेला चावा सहा महिन्यांत बिघडलेला मी पाहिलाय.

नर असेल तर आणखी एक. दोन्ही वृषण खाली उतरलेले हवेत. लहान जातींत एक वर राहण्याचं प्रमाण बरंच. तसा नर शोमधून बाद, पण घरासाठी उत्तम. फक्त वर राहिलेला वृषण शस्त्रक्रियेने काढून टाकायचा, पुढे त्यात गाठ होण्याचा धोका असतो.

आता रंग. पारंपरिक रंगांपैकी कुठलाही घ्या, अमेरिकन मानकात सगळे रंग सारख्याच पायरीवर. केशरी पिल्लू जन्मतः काळपट असतं, पुढचा रंग कानामागच्या केसांवर डोकावतो. पण ठिपक्यांचा, संगमरवरी छटेचा 'मर्ल' पॉम दुर्मिळ म्हणून दाखवला तर पाय मागे घ्या. दोन मर्लची जोडी लावली की काही पिल्लांना दोन्हीकडून तेच जनुक मिळतं, आणि ती बहिरी किंवा आंधळी जन्मू शकतात. ब्रिटिश केनेल क्लब मर्ल पॉमची नोंदणी करत नाही. दुर्मिळ रंगाच्या नावाखाली हे चालू राहावं याचा मला संताप येतो.

झुपकेदार
+१. कोट झडण्याच्या काळात आमच्या हिला बघून पाहुणे विचारायचे, हा कोल्हा कुठून आणला?

चिन्मयी_त
कोटचा विषय निघालाय म्हणून. उन्हाळ्यात पॉमला मशीन लावून बारीक कापावं का? तो 'बू' नावाचा प्रसिद्ध कुत्रा होता ना, टेडीसारखा, तसं दिसायला हवंय आमच्या घरच्यांना.

शमा_पशुवैद्य
नका कापू. दुहेरी कोट उन्हापासूनही राखतो. मशीन लावलेल्या पॉमचे केस कित्येकदा महिनोन् महिने उगवत नाहीत, उगवले तरी ठिगळ ठिगळ आणि वेगळ्या पोताचे. पंजे आणि शेपटीखालचा भाग स्वच्छतेपुरता कापा. कोरडा कोट विंचरू नका, पाण्याचा फवारा मारून थर पाडत मुळापासून ब्रश करा. वरवर फिरवलेल्या ब्रशखाली कानामागे आणि काखेत गाठी होतात.

आणि गळ्यात पट्टा नको, छातीचा हार्नेस घ्या. या जातीची श्वासनलिका नाजूक, वय वाढलं की काहींची चपटी पडते आणि हंसासारखा कर्कश खोकला सुरू होतो. पट्ट्याच्या ओढीने ते बळावतं. वजन वाढू दिलं तरी बळावतं, म्हणून आजी-आजोबांना लाडाचं खाऊ घालण्यावर मर्यादा घालून द्या.

नानाकाका
हे शेवटचं वाक्य आमच्या घरात कुणी ऐकणार नाही, पण लिहिलंत ते बरं केलंत.

अरण्यक
मुक्ता, एक विचारायचं राहिलं. पॉम भुंकतो. घंटी वाजली, पान हललं, वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली, भुंकतो. आई-बाबांना चालेल का? आणि १० वर्षांची मुलगी आहे. या कुत्र्यांची पुढच्या पायाची हाडं काडीसारखी असतात. सोफ्यावरून उडी मारली, हातातून निसटला, की मोडली.

मुक्ता_क
अरण्यक, त्या बाईंनी अगदी हेच विचारलं होतं, मुलगी कशी उचलते ते. आता कळलं का ते. आईचं म्हणणं आहे की घर भुंकण्याने भरलं तर चालेल, शांततेने भरलंय तेवढं पुरे.

झुपकेदार
आईंना नमस्कार सांगा.

रिंगच्या_कडेला
आता मूळ प्रश्नाकडे येतो, कारण त्याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. मुक्ता, तुमच्या मुलीला नेमकं काय हवंय? स्वतः रिंगमध्ये उतरायचंय ना? मग तिच्यासाठी ज्युनिअर हँडलिंगचा वेगळा वर्ग असतो. तिथे परीक्षक कुत्र्याचा बांधा तपासत नाही, मुलाची हाताळणी बघतो. कुत्रा टेबलावर कसा ठेवलास, दात कसे दाखवलेस, परीक्षक आणि कुत्रा यांच्यामध्ये आडवी आलीस का, कुत्रा थकला तेव्हा त्याच्याशी कशी वागलीस. अमेरिकेत ९ ते १८ या वयाची मुलं यात उतरतात, आणि नसबंदी झालेला कुत्राही चालतो. इतर ठिकाणी वयाचे नियम थोडे वेगळे, ते तुमच्या केनेल क्लबकडून समजून घ्या. थोडक्यात, चॅम्पियन व्हायची पात्रता नसलेला, पण सुदृढ आणि माणसाळलेला पॉमही तिला पुरेल.

बांधणीच्या मुख्य वर्गात उतरवायचं असेल तर गणित बदलतं. तिथे सहसा नसबंदी झालेला कुत्रा चालत नाही, कारण शो हा पुढच्या पिढीचे आईबाप निवडण्यासाठीच सुरू झाला. मग मादी असेल तर माज सांभाळणं, नर असेल तर घरभर खुणा करणं, हे आई-बाबांना दिवसभर निस्तरावं लागेल. त्यातून केवढं मोठं यश मिळतं म्हणाल, तर अमेरिकेतला वेस्टमिन्स्टर डॉग शो १८७७ पासून चालू आहे आणि पॉमेरेनियनने तिथे सर्वोच्च मान १९८८ मध्ये मिळवला, ग्रेट एल्म्स प्रिन्स चार्मिंग दुसरा नावाच्या कुत्र्याने. हा मार्ग फार लांबचा आहे. आनंदाने चालायचा असेल तरच चालावा.

पिंगट
अगदी. आणि कागदाचं एक बघून घ्या. बरेच ब्रीडर घरासाठी दिलेल्या पिल्लावर मर्यादा घालतात. अमेरिकेत लिमिटेड रजिस्ट्रेशन असलेला कुत्रा बांधणीच्या वर्गात उतरत नाही आणि त्याच्या पिल्लांची नोंद होत नाही. पुढेमागे मुख्य रिंगचा विचार असेल तर आधीच बोलून घ्या. काही ब्रीडर पिल्लू चांगलं निघालं तर मर्यादा उठवतात, काही सहमालकी ठेवतात. जे ठरेल ते लिहून घ्या.

आणखी एक पर्याय सुचवते. बाईंना विचारा की त्यांच्याकडे आठ-दहा महिन्यांचा, शोसाठी ठेवलेला पण थोडा मोठा झालेला किंवा दात चुकलेला पॉम आहे का. असे कुत्रे प्रत्येक चांगल्या ब्रीडरकडे कधी ना कधी असतात. दात बदललेले, कोट आलेला, टेबलावर उभं राहायची आणि लीशवर चालायची सवय झालेली. आजी-आजोबांना रात्री उठून पिल्लाच्या मागे धावावं लागत नाही, आणि मुलीला शिकलेला जोडीदार मिळतो. थोडा मोठा, म्हणजे तीन-साडेतीन किलोचा पॉम असेल तर घरासाठी मी तोच निवडेन. हाडं जरा दणकट असतात.

अरण्यक
पिंगटताईंचा हा पर्याय मलाही पटला.

मुक्ता_क
तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू! आज घरी सगळा धागा मोठ्याने वाचून दाखवला. मुलगी ज्युनिअर हँडलिंगचं ऐकून नाचायलाच लागली. बाईंना फोन केला. दहा महिन्यांचा एक नर आहे म्हणाल्या, केशरी, वजन मानकाच्या वरच्या टोकाला, म्हणून त्यांनी शोमधून काढलाय. आईबापांच्या वाटीचे, हृदयाचे, डोळ्यांचे कागद दाखवायला त्या एका पायावर तयार आहेत. त्याच्या स्वतःच्या वाटीची पक्की तपासणी वर्षाचा झाला की करून देणार आहेत. रविवारी सगळ्यांना बोलावलंय.

बाबांना मात्र त्या टीकप पिल्लाचा मोह अजून सुटत नाहीये. जाता जाता तेही एकदा प्रत्यक्ष बघून यावं म्हणतात. आणि मुलीला बाईंकडे न्यावं का?

पिंगट
मुलीला जरूर न्या. गेल्यावर तिला जमिनीवर बसवा, कुत्र्याला आपणहून जवळ येऊ द्या, कुणी उचलायची घाई करू नका. नवीन माणसं बघून दोन मिनिटं भुंकून तो वास घ्यायला आला तर स्वभाव ठीक. कोपऱ्यात जाऊन थरथरत राहिला तर बाईंना विचारा की नेहमी असंच करतो का. त्याला अंगणात चालवून घ्या, मागून बघा, मागचे पाय समांतर पडतायत का. आणि मग डॉक्टरांनी सांगितलेली उडी शोधा.

बाबांना घेऊन त्या टीकपवाल्याकडे जायचंच असेल तर तिथून त्याच दिवशी बाईंकडे जाऊ नका. एका केनेलमधून दुसऱ्या केनेलमध्ये पार्व्हो हा पिल्लांच्या जिवावर उठणारा विषाणू चपलांवरून आणि कपड्यांवरून जातो, आणि बाईंकडे अजून लसीकरण पूर्ण न झालेली पिल्लं आहेत. आधी बाईंकडे जा.